कात्रीपासून पात्यापर्यंत : नमुना कुणाचा?

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या भगिनींना आठवत असेल की, त्या दिवशी मंडळाच्या खोलीत तिळगुळापेक्षा अधिक गर्दी एका यंत्राभोवती झाली होती. शिवणयंत्राच्या पेटीएवढे लांब, पण वजनाला हलके असे हे यंत्र मंडळाने भाजणी, मेतकूट आणि लोणची यांच्या विक्रीतून साठविलेल्या पैशांतून घेतले. संगणकावर किंवा मोबाईलवर काढलेली आकृती ह्या यंत्राला पाठवावी, चिकट पाठीचा व्हिनाइलचा कागद त्यात सरकवावा, की आतले इवलेसे पाते त्या आकृतीच्या कडेकडेने फिरते आणि ती बिनचूक कापून देते. बाजारात ज्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, तोच हा कागद. डब्यांवरची नावे, दारावरची पाटी, उंबरठ्यावरची लक्ष्मीची पावले, गौरीच्या मखराची नक्षी असे नाना प्रकार त्यातून होतात.

त्या दिवशी सर्वजणी कौतुक करीत होत्या. एकटया आमच्या आक्का मात्र गप्प होत्या. ऐंशीच्या घरातल्या ह्या बाईंच्या हातची रांगोळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यांची ओळख करून द्यावयास नको. त्यांच्यापाशी एक वही आहे. तिच्यात त्यांच्या आईने आणि त्यांनी काढलेले शंभराहून अधिक नमुने आहेत. निघताना आक्का एवढेच म्हणाल्या, “यंत्र आणलंत, चांगलं झालं. पण माझी वही त्यात घालू नका.”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. एका म्हाताऱ्या बाईचा यंत्रावरचा राग, असे म्हणून ते सोडून देता आले असते; पण आक्का मिक्सर वापरतात, नातवाशी मोबाईलवर बोलतात, त्यांना यंत्राचे वावडे नाही. मग अडचण कशाची? हे शोधताना मी ह्या कापण्याच्या कलेचा मागोवा घेत गेले आणि जे हाती लागले ते वर्धापनदिनाच्या ह्या अंकात भगिनींपुढे ठेवीत आहे.

आकृती कापून तिच्या साहाय्याने शोभा करावयाची ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. मथुरा-वृंदावनच्या मंदिरांत पितृपक्षाच्या दिवसांत ‘सांझी’ घालतात. बारीक कात्रीने कागदात कृष्णलीला, मोर, कदंब, वेली कोरून काढतात, तो कागद जमिनीवर किंवा वेदीवर ठेवतात आणि वरून रंगीत भुकटी चाळतात. कागद उचलला की खाली चित्र उमटते. आपल्याकडील छापाच्या रांगोळीचे तत्त्व तेच. ह्या कामातली खरी मेख कात्री चालविण्यात नाही. फुलाच्या मधला गोल कापला तर तो सुटून खाली पडतो. म्हणून त्याला धरून ठेवण्यासाठी कुठेतरी कागदाचा बारीकसा पूल सोडावा लागतो. पूल कुठे सोडावा म्हणजे तो डोळ्यांना खुपणार नाही, हे ज्याला कळते तो कारागीर. आज यंत्रावर छाप कापतानाही हेच पूल सोडावे लागतात, आणि ते कुठे सोडावे हे यंत्राला कळत नाही.

युरोपातही कागद कापण्याची कला घरोघर होती, आणि तीत स्त्रियांचा हात मोठा होता. इंग्लंडमधील मेरी डिलेनी ह्या बाईंचे उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. 1700 साली जन्मलेल्या ह्या बाईंना दोनदा वैधव्य आले. दुसऱ्या यजमानांचा मृत्यू 1768 मध्ये झाला. त्यानंतर, वयाची सत्तरी उलटून गेल्यावर, त्यांनी रंगीत कागदाच्या चिमुकल्या तुकड्यांतून फुले करावयास आरंभ केला. काळ्या पार्श्वभूमीवर एकेका फुलासाठी कितीतरी तुकडे, पाकळीची छटा वेगळी, देठाची वेगळी, आणि सारे वनस्पतिशास्त्राला मान्य होईल इतके नेमके! दृष्टी अधू होईतो त्यांनी अशी जवळजवळ हजार फुले केली. त्यांतली 985 आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रत्येक फुलाचे नाव त्यांनी लिहून ठेवले आणि चित्रावर आपल्या नावाची आद्याक्षरेही घातली. म्हणूनच आज अडीचशे वर्षांनी आपण ‘कुणीतरी केलेली कागदी फुले’ असे न म्हणता ‘मिसेस डिलेनींची फुले’ असे म्हणतो. भगिनींनो, ही आद्याक्षरे लक्षात ठेवा; पुढे त्यांचे काम आहे.

त्याच शतकात काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची कड कापून देण्याची टूम फ्रान्समध्ये निघाली. तैलचित्र परवडत नसलेल्यांचे हे चित्र. 1759 मध्ये काही महिने फ्रान्सचा अर्थमंत्री असलेल्या एत्येन द सिलूएत ह्या गृहस्थाच्या काटकसरीची थट्टा म्हणून अशा स्वस्त वस्तूंना त्याचे नाव चिकटले आणि ‘सिलूएट’ हा शब्द रूढ झाला. आज घरगुती कापणी यंत्रांच्या एका प्रसिद्ध कंपनीचे नाव तेच आहे. सावलीच्या ह्या कलेला पुढे बर्लिनच्या लोटे रायनिगर ह्या स्त्रीने चालतेबोलते केले. हाताने कापलेल्या काळ्या बाहुल्या कणाकणाने हलवीत तिने अरबी कथांवरचा एक लांबीचा चित्रपट केला आणि तो 1926 मध्ये लोकांपुढे आला. तिचे सारे शस्त्र म्हणजे एक कात्री!

इथवर नमुना, कात्री आणि हात ही तिन्ही एकाच व्यक्तीची होती. ती वेगळी झाली शिवणयंत्राच्या आगमनानंतर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत शिवणयंत्र घरोघर पोहोचू लागले. पण शिवण भराभर होऊ लागली तरी कापड बेतावयाचे कसे, हा प्रश्न राहिलाच. तेव्हा न्यूयॉर्कच्या एलेन डेमोरेस्ट ह्या बाईंनी 1860 मध्ये कागदी बेताचे नमुने आपल्या मासिकाबरोबर विकावयास सुरुवात केली. 1863 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक ह्या शिंप्याने लहानमोठ्या मापांचे नमुने काढले. मुलाचे कपडे शिवताना त्याच्या पत्नीची, एलेनची, झालेली तारांबळ हे त्यामागचे कारण, असे सांगतात. बटरिकचा धंदा जगभर पसरला.

डेमोरेस्ट बाईंची कल्पना मात्र आली कुठून? घरी काम करणारी एक कृष्णवर्णीय बाई साध्या तपकिरी कागदातून अंगरख्याचा बेत कापीत होती, तो पाहून त्यांना हे सुचले, असे सांगितले जाते. डेमोरेस्ट बाईंविषयी पुष्कळ चांगले लिहिण्यासारखे आहे. आपल्या कारखान्यात त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांना इतरांच्या बरोबरीने काम दिले. पण जिच्या हातची ती युक्ती होती, तिचे नाव त्या गोष्टीत येत नाही. शिवणयंत्राचा इतिहास सांगताना यंत्र कुणी काढले, नमुना कुणी विकला हे सांगतात. नमुना प्रथम कुणाच्या हातून उतरला हे सांगावयाचे मात्र राहून जाते.

आता आपल्या चिकट कागदाकडे वळू. 1872 मध्ये ऑयगेन बाउमान ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला उन्हात राहिलेल्या काचपात्रातल्या व्हिनाइल क्लोराइड ह्या वायूपासून एक पांढरा घट्ट पदार्थ झालेला आढळला. पण तो इतका कडक आणि ठिसूळ की कुणाला त्याचा उपयोग सुचेना. पन्नासहून अधिक वर्षांनी, 1926 मध्ये, अमेरिकेतील ओहायो राज्यात गुडरिच ह्या रबराच्या कंपनीत वाल्डो सेमन हे रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटविण्यासाठी एक डिंक शोधीत होते. डिंक काही साधला नाही. पण तोच पांढरा पदार्थ एका जड द्रावकात तापविला तेव्हा मऊ, लवचीक, पाणी न शोषणारे असे काहीतरी हाती आले. त्याचे करावयाचे काय हे वरिष्ठांना पटेना. तेव्हा सेमननी त्याचा लेप दिलेले कापड साहेबांच्या टेबलावरच्या कागदपत्रांवर पसरले आणि वरून पाणी ओतले, असे सांगतात. कागद कोरडे राहिले आणि व्हिनाइलचा संसार सुरू झाला. शोध डिंकाचा, सापडला तो डिंक लावावयाचा कागद! अशी गंमत रसायनशाळेतच होते असे नाही. आमच्या स्वयंपाकघरातही फसलेल्या पाकाची वडी होतेच.

तो डिंकही फार दूर नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन एव्हरी हा तरुण मंदीच्या दिवसांत हातात पैसा नसताना एक कल्पना घेऊन बसला होता: मागच्या कागदावरून सोलावे आणि न भिजवता चिकटवावे असे लेबल. धुलाई यंत्राची मोटर, शिवणयंत्राचे भाग आणि एक करवत जोडून त्याने आपले पहिले यंत्र उभे केले. भांडवल होते शंभर डॉलर. ते दिले होते त्याच्या वाग्दत्त वधूने, डोरोथी डर्फी ह्या शिक्षिकेने. 1935 मध्ये हा उद्योग सुरू झाला आणि पुढे जगातल्या मोठ्या लेबल-उद्योगांपैकी एक झाला. आज आपण फळावरची इवलीशी चिकटपट्टी सोलतो तेव्हा तिच्या मुळाशी एका शिक्षिकेची शिल्लक आहे, हे ध्यानात घ्यावे. उद्योगाला नाव मिळाले ते एव्हरींचे.

डिंक आणि व्हिनाइल यांची गाठ पडल्यावर 1950 नंतरच्या दशकात चिकट प्लास्टिकची भेंडोळी अमेरिका आणि इंग्लंडमधील घरांत आली. गृहिणी ती मापाने कापून फडताळांना, टेबलांना, मुलांच्या वह्यांना लावीत. कात्री अजूनही तिच्याच हातात होती. पण धंद्याच्या कामाला कात्री अपुरी पडू लागली.

तिथे जोसेफ गर्बर यांची कथा येते. 1924 मध्ये व्हिएन्नात जन्मलेला हा मुलगा नाझींच्या छळातून सुटून 1940 मध्ये आईसह अमेरिकेला पोहोचला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी असताना आलेखांतली मापे काढण्याच्या किचकट कामाला कंटाळून त्याने पायजम्याचे इलॅस्टिक काढले, त्यावर सारख्या अंतरावर खुणा केल्या आणि ते हवे तसे ताणून मोजमाप घेतले. त्या इलॅस्टिकमधून त्याचे पहिले उपकरण जन्मास आले. पुढे गर्बर यांच्या कंपनीने 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस संगणकाच्या आज्ञेने कापडाचे थर कापणारे यंत्र काढले आणि 1983 मध्ये चिकट व्हिनाइलमधून अक्षरे कापणारे यंत्र बाजारात आणले. पाटी रंगविण्याचा धंदा त्याने पालटून टाकला. जे काम करावयास कुंचला धरून दिवस घालवावा लागे, ते घटकाभरात होऊ लागले.

हा पालट आपल्या गावागावांतही पोहोचला. आपल्यापैकी अनेकींना दुकानांवरच्या पाट्या रंगविणारे ‘पेंटर’ आठवत असतील. शिडीवर चढून, खडूने रेघ मारून, सावली दिलेली अक्षरे ते एकटाकी काढीत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आणि त्यानंतर रेडियम कटिंग व फ्लेक्स आले आणि त्यांतल्या पुष्कळांचा कुंचला खाली आला. काहींनी स्वतःच कटिंगचे दुकान घातले. काहींना ते जमले नाही. यंत्राचे गुण गाताना हा हिशेब विसरता कामा नये.

ह्याच घडामोडीत एक उजळ बाजूही आहे. दिल्लीचे चित्रकार हनीफ कुरेशी (यांचे 2024 मध्ये निधन झाले) यांनी अशा रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे गोळा केली आणि त्यांचे संगणकावर वापरता येतील असे टंक केले. त्या टंकांना त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. ‘पेंटर उमेश’, ‘पेंटर कफील’ अशी त्या त्या कारागिराची नावे दिली. ज्याचा हात त्याचे नाव! मिसेस डिलेनींनी आद्याक्षरे स्वतः घातली; इथे ती दुसऱ्याने आठवणीने घातली.

दुकानातले हे यंत्र घरात आले ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. अमेरिकेतील यूटा राज्यातल्या प्रोव्हो क्राफ्ट ह्या हस्तकला-साहित्याच्या कंपनीने ‘क्रिकट’ नावाचे छोटे यंत्र काढले. जपानच्या ग्राफटेक कंपनीच्या तंत्रावर ‘सिलूएट’ आले आणि शिवणयंत्रांसाठी नावाजलेल्या ब्रदर कंपनीने कागदावरची आकृती स्वतःच पाहून कापणारे यंत्र काढले. ह्या यंत्रांच्या आधाराने परदेशात कितीतरी स्त्रियांनी घरबसल्या लहान उद्योग उभे केले आणि आता आपल्याकडेही करू लागल्या आहेत.

पण शिवणयंत्राच्या वेळी जे झाले तेच पुन्हा झाले. यंत्र घरात आले, नमुना मात्र घराबाहेर राहिला. क्रिकटच्या आरंभीच्या यंत्रांत नमुने डब्यांतून, म्हणजे कार्ट्रिजमधून, विकत घ्यावे लागत. नवा नमुना हवा तर नवा डबा. स्वतः काढलेली आकृती कापता यावी म्हणून काही छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी मार्ग काढला, तर त्यांतल्या एकीवर प्रोव्हो क्राफ्टने 2011 मध्ये खटला भरला आणि अखेर त्या छोट्या कंपनीला त्या यंत्रासाठीची सोय काढून घ्यावी लागली. पुढे डबे गेले, आकृत्या कंपनीच्या संगणकावरून पाठविण्याची पद्धत आली. मार्च 2021 मध्ये कंपनीने जाहीर केले की, वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला वीसच स्वतःच्या आकृत्या चढविता येतील. पैसे मोजून घेतलेले यंत्र, त्यावर आपणच काढलेले चित्र, आणि ते कापावयास परवानगी दुसऱ्याची! हजारो लोकांनी, ज्यांत घरी उद्योग करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ होत्या, निषेध नोंदविला. त्याच महिन्यात कंपनीने तो बेत मागे घेतला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या हातच्या नमुन्यावर आपला हक्क आहे, हे त्या स्त्रियांनी एकजुटीने बजावले.

आता यंत्राने आपले कोणते काम वाचविले आणि कोणते आपल्याकडेच ठेवले, हे वर्षभराच्या अनुभवावरून सांगते. कापणे यंत्राचे. बाकी सारे हाताचे. पात्याची खोली अशी ठेवावी लागते की, वरचा व्हिनाइल कापला जावा आणि मागचा कागद शाबूत राहावा. म्हणून आधी कोपऱ्यात लहानसा चौकोन कापून पाहावा. मग नको तो भाग सुईने उचलून काढावयाचा. परदेशात ह्याला निंदणीचा शब्द आहे. आमच्या मंडळात मात्र पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘निवडणे’ म्हटले आणि तोच शब्द राहिला. तांदूळ निवडण्याची सवय असलेला हात ह्यात तरबेज ठरतो. नंतर वर ट्रान्सफर टेप लावून, जुन्या एटीएम कार्डाने घासून, सारी आकृती एकदम उचलावयाची आणि जागेवर बसवून पुन्हा घासावयाची. काचेवर लावताना साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला तर आकृती सरकविता येते. पाणी निपटून काढले की ती धरते. पृष्ठभाग तेलकट नसावा, ओला नसावा.

आमच्याही फजित्या झाल्या. मंडळाच्या भिंतीला चुना दिलेला. तिच्यावर मोठ्या हौसेने मंडळाचे नाव लावले आणि आषाढात एकेक अक्षर चुन्याचा पापुद्रा घेऊन खाली उतरले. आपल्या लिपीनेही यंत्राला चकविले. इंग्रजी अक्षरे सुटी. आपली शिरोरेषेखाली हात धरून उभी. संगणकावर ती जोडलेली दिसतात, परंतु यंत्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. सारी अक्षरे आधी एकसंध करून घेतली पाहिजेत, हे कळेतो आम्ही दोन हात लांबीचा कागद वाया घालविला. आणि अनुस्वार! तो बिचारा एकटाच वर बसलेला. निवडताना सुईच्या टोकाला चिकटून केव्हा निघून जातो ते कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात ‘आंबा लोणचे’ असे लिहिलेल्या बरण्यांपैकी पाच बरण्यांवर ‘आबा लोणचे’ झाले. एका गिऱ्हाइकाने हसून विचारले, “आबांना विचारलंत का?” तेव्हापासून मोठ्या डब्यात निवडलेले टाकण्यापूर्वी अनुस्वार मोजावयाचे, असा नियम आहे.

एक सावधगिरीची सूचनाही करून ठेवते. व्हिनाइलमध्ये क्लोरीन असते. त्याचे तुकडे चुलीत, बंबात किंवा शेगडीत टाकू नयेत. धुरातून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखे घातक पदार्थ निघतात. हा कागद मातीत कुजत नाही. म्हणून लागेल तेवढाच कापावा, उरलेल्या पट्ट्यांतून टिकल्याएवढी फुले काढावीत आणि जिथे साध्या कागदाने भागते तिथे साधा कागदच वापरावा. यंत्र तोही कापते. यंदाचे गौरीचे मखर आपण जाड कागदाचे केले ते ह्याच विचाराने.

आता आक्कांच्या वहीकडे येते. त्यांच्या त्या वाक्यामागची हकीगत त्यांनी पुढे एकदा आपण होऊन सांगितली. काही वर्षांपूर्वी एक ओळखीचा दुकानदार “नुसती पाहतो” म्हणून ती वही घेऊन गेला. आठ दिवसांनी पेढ्यांच्या पुड्यासह ती परत आली. पुढच्या चैत्रात आक्का मंडईत गेल्या, तो एका हातगाडीवर तयार चैत्रांगणाचे स्टिकर टांगलेले. सूर्य, चंद्र, शंख, तुळस, गोपद्मे, पाळण्यातली गौर, सारे होते. आणि खाली कासव, मान मागे वळवून पाहणारे. कासव सगळ्याच जणी काढतात, पण त्याची मान मागे वळलेली आक्कांच्या आईच्याच हातची. लहानपणी आक्का मागे राहत, तर आई म्हणे, “बघ, कासवसुद्धा थांबून पाहतंय तुझ्यासाठी.” हातगाडीवाल्याचा काही दोष नव्हता, त्याने तो माल कुठूनसा आणला होता. आक्कांनी काही न बोलता वीस रुपये दिले आणि आपल्या आईचे कासव विकत घेऊन घरी आल्या.

हे ऐकल्यावर मला कळले की, आक्कांचे भांडण पात्याशी नव्हते. पाते तर सांझीच्या कारागिराचीच कात्री आहे, विजेवर चालणारी. त्यांचे दुःख त्या तपकिरी कागद कापणाऱ्या निनावी बाईचे होते. हाताने काढलेला नमुना दारापुरता राहतो; संध्याकाळी पुसतो, उद्या पुन्हा घालतो, आणि शेजारीण विचारते, “कुणाची गं ही रांगोळी?” यंत्रातून निघालेला नमुना हजारांनी निघतो आणि कुणी काही विचारीत नाही. म्हणून यंत्र जितके वेगवान, तितकी नाव लिहून ठेवण्याची जबाबदारी मोठी.

हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवल्यावर मंडळाने एक नमुना-नोंदवही घातली आहे. यंत्रावर चढविण्यापूर्वी प्रत्येक नमुना तिच्यात चिकटवावयाचा. तो कुणी काढला, कुणाकडून शिकला आणि वापरावयास कुणी संमती दिली ते लिहावयाचे. तो नमुना विक्रीच्या वस्तूवर आला तर पाठीमागे बारीक अक्षरांत नाव घालावयाचे आणि विक्रीतला ठरलेला वाटा त्या भगिनीस द्यावयाचा. नोंदवहीने चोरी थांबेल असा आमचा भ्रम नाही. पण उद्या कुणी विचारले की हे कासव कुणाचे, तर उत्तर लिहिलेले असेल.

ठराव झाल्यावर पंधरा दिवस आक्कांनी काही म्हटले नाही. मग एका दुपारी त्या आल्या, निवडण्याच्या टेबलाशी बसल्या आणि सुई हातात घेऊन आम्हां सर्वजणींच्या आधी एक आखी वेल स्वच्छ करून दिली. उठताना पिशवीतून वहीचे एकच पान काढले. कासवाचे. नोंदवहीत लिहावयास मी पेन उघडले आणि त्यांचे नाव लिहू लागले, तर त्यांनी हात धरला. “माझं नको. आईचं लिही,” म्हणाल्या. बाकीची वही अजून त्यांच्याच घरी आहे, आणि ती तिथे राहावी की इथे यावी, हे त्यांनीच ठरवावयाचे आहे. त्यांच्या उंबरठ्यावर आजही स्टिकर नाही. पहाटे पाणी शिंपडून त्या स्वतः रांगोळी घालतात.

नोंदवहीची पहिली आठ पाने भरली आहेत. ज्या भगिनींच्या घरी आईची, सासूची, आजीची रांगोळीची, भरतकामाची किंवा कशिद्याची वही असेल, त्यांनी तिच्यातले एखादे पान दर शनिवारी दुपारी चारनंतर मंडळात घेऊन यावे. पान दाखवून लगेच परत मिळेल. येताना नाव मात्र विचारून यावे. घरात जी वडीलधारी माणसे आहेत त्यांना आजच विचारावे.

— मंडळाची एक सभासद